बरोबरीत सुटली

पैलवान ब्रश हातात घ्यायच्या आधी शड्डू ठोकायचे.

आधी दंडावर एक थाप, मग वाकून मांडीवर दुसरी. बंद हॉलमध्ये तो आवाज कसा घुमतो ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही. पहिल्या दिवशी टेबलावरचे रंगाच्या पाण्याचे पेले हलले, कोपऱ्यातल्या, एकेकाळच्या मुख्याध्यापिका बाई "कोण आहे रे तो?" म्हणत खुर्चीतून अर्ध्या उठल्या, आणि सगळा जन्म आठवी-नववीच्या पोरांना दटावण्यात घालवलेली मी चक्क मागे सरले. पैलवानांनी ब्रश बोटांच्या चिमटीत धरला, उलटसुलट करून बघितला आणि मला विचारलं, "वस्ताद, ह्याचं काय करायचं?"

वस्ताद म्हणजे मी. तालमीत डाव शिकवतो तो वस्ताद. मी त्यांना सांगितलं की मी निवृत्त चित्रकला शिक्षिका आहे, आणि आयुष्यात कुस्ती म्हणून केली ती फक्त रिक्षावाल्यांशी. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, वस्ताद." मग मी तो विषय सोडला. साठीनंतर अशी बढती किती बायकांना मिळते?

आमचा वर्ग सांगलीत, एका मंगल कार्यालयाच्या मागच्या हॉलमध्ये दर गुरुवारी दुपारी भरतो. येणारी माणसं विसरायला लागलेली, आणि त्यांना घेऊन येणारी घरची माणसं दमलेली. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात, पेपरात स्मृतिभ्रंश छापून येतं, आणि पैलवानांच्या गावात, पलूसकडे, 'डोकं इसाव्याला गेलंय' म्हणायचे. मला हे तिसरं नाव बरं वाटतं. तुमच्याही घरात किंवा गल्लीत असं एखादं माणूस असेल, म्हणून फार समजावत बसत नाही. वर्गात नियम दोनच. 'मला ओळखलंत का?' असं कुणाला विचारायचं नाही, आणि कुणाच्या चित्राकडे बघून 'हे काय काढलंय?' म्हणायचं नाही. दोन्ही नियम सगळ्यात जास्त वेळा मीच मोडते.

चित्र काढून कुणाची आठवण परत येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण हातात काही काम असलं की माणूस चुकून दुसऱ्याच्या घरात आल्यासारखं बसत नाही. कुणी उठून रस्त्यावर जाऊ नये म्हणून वर्ग सुरू झाला की मी आतून कडी लावते. एवढी आमची शिस्त.

पैलवानांचं वय ऐंशीच्या आसपास असावं. कान मोडलेले, मान आणि खांद्यातली हद्द मिटलेली. अंग आता उतरलं होतं, तरी दारातून आत येताना ते सवयीनं खांदे तिरके करायचे. त्यांच्यामागून पिशवी घेऊन त्यांची बायको यायची. तिला मी वहिनी म्हणायचे. वहिनी पैलवानांच्या दंडाला लागायच्या, एवढ्याशा. माहेर दुष्काळी माणातलं, त्यामुळे पाणी पितानाही भांड्यात थेंब ठेवायच्या नाहीत. मुलगा फौजेत, सून पोरं आणि ऊस सांभाळायची, आणि पैलवानांना सांभाळायचं काम वहिनींचं.

रंग पैलवानांना मुळीच आवडले नाहीत. ट्यूब दाबली की सगळीच्या सगळी बाहेर. कागद हाताखाली फाटायचा. "ह्यात दम न्हाई, वस्ताद," असं म्हणून ते ब्रश परत द्यायचे. चहाबरोबर बिस्किटं दिली तर तळहातावर घेऊन बघत बसायचे.

"ह्यो खुराक?"

"हो, पैलवान."

"येवड्यानं काय हुतंय?"

मग मुख्याध्यापिका बाई आपल्या बशीतलं बिस्कीट त्यांना द्यायच्या, आणि जरा वेळानं "माझं बिस्कीट कुणी घेतलं?" म्हणून सगळ्या वर्गाला उभं करायच्या. पैलवान मुकाट्यानं उभे राहायचे. तोंड भरलेलं असायचं.

आषाढात बेंदूर आला. आमच्याकडे बेंदराला घरोघरी मातीचे बैल पुजतात, हे तुम्हाला सांगायला नको. म्हटलं, यंदा बैल विकत आणायचे नाहीत, वर्गानंच करायचे. कुंभाराकडून पोतंभर चाळलेली माती आणली. मळायला माणूस हवा होता, आणि एवढे दंड समोर असताना दुसरीकडे कशाला बघायचं? मी म्हटलं, "पैलवान, माती तयार करायची."

ते उठले. वर्गात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी मला काही विचारलं नाही. मला तेवढ्यात फोन आला म्हणून मी खिडकीशी जाऊन बोलत राहिले. ते बोलणं लांबलं. वळून बघते तर पैलवान घमेल्याशेजारी उकिडवे बसलेले, हात कोपरापर्यंत मातीत, आणि भोवती रिकामी भांडी. मधल्या सुट्टीसाठी आणलेलं ताक मातीत. स्वयंपाकाच्या खोलीतलं गोडेतेल मातीत. हळद मातीत, लिंबं पिळून मातीत, आणि देवाच्या तसबिरीपुढचा कापूर तोही चुरून मातीत.

"पैलवान! हे काय केलंत?"

"माती केली," ते म्हणाले. "आता मुरू द्या. घाई न्हाई."

कुस्तीच्या हौद्याची माती अशीच करतात. अंग सोलवटू नये, खरचटलं तर चिघळू नये, म्हणून ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर. हौद्याला ती उत्तम. बैलाला मात्र काही कामाची नाही. तेलकट माती एकमेकीला धरेना. पायांवर उभा केला की बैल बसायचा. पूर्ण दुपार आम्ही झटलो आणि सगळे बैल बसकेच निघाले. मी वैतागले होते आणि तोंडानं बोलूनही दाखवलं. पैलवानांनी एक बैल हातात घेऊन त्याच्या पाठीवर थाप दिली. "दमलंय जनावर," म्हणाले.

पण त्या मातीचा वास हॉलभर सुटला होता. शिराळ्याच्या एक आक्का आमच्याकडे यायच्या, त्यांच्या तोंडून महिनोन्महिने शब्द नव्हता. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "जत्रा हाय व्हय?" त्यांच्या शेजारचे आजोबा म्हणाले की जत्रा असती तर हलगी वाजली असती. आणि स्वतःच डब्याच्या झाकणावर बोटं वाजवायला लागले. माझा राग तिथंच विरघळला. मी बैल बाजूला ठेवले आणि जाहीर केलं की आपण जत्रेतलं कुस्तीचं मैदान करू. मधे पैलवानांच्या मातीचा हौदा, आणि भोवतीनं चांगल्या मातीची माणसं, ज्याला जो आठवेल तो.

त्या मैदानानं आमचे पुढचे कित्येक गुरुवार खाल्ले.

आता साहेबांबद्दल सांगायला हवं. पैलवानांच्या शेजारच्या खुर्चीत साताऱ्याचे एक साहेब बसायचे. बँकेतून निवृत्त होऊन, पत्नी गेल्यावर, सांगलीला मुलीकडे राहायला आलेले. या आजारात माणसाचं खूप काही जातं, पण साहेबांची सभ्यता जागच्या जागी होती. पाणी दिलं तर "आधी तुम्ही घ्या," खुर्ची दिली तर "नाही नाही, आपण बसा." पैलवान काम सुरू करताना हौद्यातली चिमूटभर माती कपाळाला लावायचे आणि मूठभर शेजाऱ्याच्या हातात द्यायचे. साहेब ती घ्यायचे, हसायचे, आणि बरेचदा मांडीवरच्या रुमालात ठेवून विसरून जायचे. त्यांना हात भरलेले आवडत नसत. पण एका गुरुवारी त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी त्यातली अर्धी मूठ पैलवानांच्या हातात परत ठेवली. "आपणही घ्या ना," म्हणाले.

पैलवानांनी माती हातावर चोळली, शड्डू ठोकला आणि साहेबांची मान धरली.

कपाळाला कपाळ लागलं, खुर्ची उलटली. साहेब घाबरून "अहो, अहो" म्हणत होते. आम्ही सगळ्यांनी मिळून पैलवानांना ओढलं, पण जितकं ओढावं तितकी पकड घट्ट. "सोडा, पैलवान, सोडा!" हे त्यांच्या कानापर्यंत जातच नव्हतं. शेवटी गडबडीत चहाची किटली खाली आदळली, त्या आवाजानं ते तिकडे वळले आणि साहेब सुटले. त्यांच्या मानेवर बोटांचे लाल वळ उठले होते.

साहेबांची मुलगी त्यांना न्यायला आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिचा राग वाजवी होता. "बाई, उद्या बाबांचं काही मोडलं तर? एक तर ते येतील, नाहीतर आम्ही." बाकीचे घरचेही माना हलवत होते. मी म्हटलं, मला पुढच्या गुरुवारपर्यंत वेळ द्या.

हे सगळं होत असताना वहिनी बाहेर होत्या. हॉलच्या दारासमोर व्हरांड्यात एक लाकडी बाक आहे. त्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन, भिंतीला डोकं टेकून वहिनी झोपल्या होत्या. दर गुरुवारी त्या तिथंच बसायच्या. मला वाटायचं, बाईंना मोकळी हवा आवडते. त्या दिवशी किटली पडली, आरडाओरडा झाला, तरी त्यांना जाग आली नव्हती. इतकी ती झोप गाढ होती.

मी शेजारी बसून त्यांना उठवलं आणि झालेलं सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही.

"चूक हाय त्यांची," म्हणाल्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "बाई, एक बोलू? घरात ते दिसंनात तर माजा जीव ऱ्हात न्हाई, आन दिसलं तर डोळा लागत न्हाई. दोनदा मळ्यापतूर गेलं चालत. हितं तुमी आतनं कडी लावता. ते आत हायती, एवडं मला ठावं असतं. आटवड्यातनं तेवडीच झोप हाय बगा माजी." आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "गुरुवार तेवडा काडू नगा."

मी मान हलवली. काय करणार आहे ते मलाच माहीत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मी दोघांच्या खुर्च्या हॉलच्या दोन टोकांना मांडल्या. साहेबांची मुलगी हाताची घडी घालून वडिलांच्या मागे बसली. आज काही झालं तर उद्यापासून पैलवान बंद, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. वहिनी बाहेर बाकावर. त्या दिवशी त्यांनाही झोप कसली येणार.

पैलवानांनी माती कपाळाला लावली आणि मूठ शेजारी पुढे केली. शेजारची खुर्ची रिकामी. त्यांनी मूठ मागे घेतली नाही. तसेच हात लांब करून बसून राहिले. मी म्हटलं, "पैलवान, इकडे द्या," तर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमाला न्हवं, वस्ताद. वस्तादाला देत न्हाईत." मी दुसऱ्यांच्या चित्रांकडे वळले. आपोआप विसरतील, असा माझा हिशेब.

विसरले नाहीत. आणि इकडे साहेबांच्या डोळ्यांसमोर एक माणूस हात पुढे करून बसला होता आणि कुणीच तो हात घेत नव्हतं. हे त्यांना सोसणारं नव्हतं. "अहो, असं काय करता?" म्हणत ते उठले. मुलीच्या लक्षात येईपर्यंत हॉल ओलांडून गेले, दोन्ही हातांनी माती घेतली, आणि रीतसर अर्धी परत दिली.

"बाबा, नको!" मुलगी ओरडली. शड्डू वाजला. पैलवानांनी मान धरली.

मी आधी कडी काढली. वहिनी दारातच उभ्या होत्या. मी मागच्यासारखी ओढायला धावणार, तोच त्यांनी मला हातानं अडवलं.

"वडू नगा. वडलं की जास्तच धरत्यात."

त्यांनी चपला बाहेर काढल्या. पदर कमरेला खोचला. त्या दोघांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि त्या एवढ्याशा बाईनं सगळा हॉल दणाणून सोडला. "सुटली! बरोबरीत सुटली!"

पैलवानांची पकड तिथल्या तिथं सैल झाली. वहिनींनी एका हातानं नवऱ्याचं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं साहेबांचं, आणि दोन्ही हात वर केले. नवऱ्याचा हात उंच करायला त्यांना चवड्यांवर उभं राहावं लागलं. पैलवान धापा टाकत हसत होते. त्यांनी साहेबांना मिठी मारली, पाठीवर थाप दिली. "लय दम हाय गड्या तुज्यात!"

साहेबांनी हात खाली घेतलाच नाही. तो तसाच वर धरून ते मुलीकडे वळले आणि म्हणाले, "बरोबरीत!" बरेच दिवस त्यांनी कुणाच्या डोळ्यांत बघून काही सांगितलं नव्हतं. मुलगी रडत होती की हसत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं. आक्का टाळ्या वाजवत होत्या.

नंतर बाकावर बसून चहा पिताना मी वहिनींना विचारलं, हे काय होतं?

"आवं, माती घिऊन माती दिली म्हंजी कुस्ती ठरली," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी इचारलं, सायबांनी व्हय म्हटलं. मग धरायचं न्हाई तर काय करायचं?"

"आणि तुम्हाला हे कसं माहीत? बायका तर मैदानाकडे फिरकत नव्हत्या."

वहिनींनी आत बघून घेतलं, पैलवान ऐकत नाहीत ना याची खात्री केली. "आमच्या माळवदावरनं मैदान दिसायचं. वाळवण राकायच्या निमतानं चडायची मी. जत्रंतल्या ह्यांच्या समद्या कुस्त्या बगितल्यात. वस्ताद सोड म्हनला तरी हे सोडायचं न्हाईत. पंचानं मदी यून हात वर केलं, की मगच."

"त्यांना कधी सांगितलं नाहीत?"

"तवा कुटलं धाडस? सासू हुती, दीर हुतं." मग हसल्या. वहिनींना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदा बघत होते. "आता मातर रोज सांगते. म्या माळवदावरनं बगत हुते म्हनून. रोज इसरत्यात आन रोज नव्यानं खूश हुत्यात."

पुढच्या गुरुवारी साहेबांची मुलगी काय निर्णय घेते या काळजीत मी होते. ती आली. साहेबांच्या अंगात नेहमीचा कडक इस्त्रीचा शर्ट नव्हता. "जुना सदरा घालून आणलंय," ती म्हणाली. "मातीनं खराब होतो ना." आणि काखोटीत आणलेली सतरंजी तिनं हौद्याशेजारी अंथरली.

तेव्हापासून दर गुरुवारी कुस्ती ठरलेली. कपाळाला माती, हातात माती, सतरंजीवर दोन म्हाताऱ्यांची जरा झोंबाझोंबी, आणि मुलीनं मधे जाऊन हात वर करणं. एकही कुस्ती निकाली झाली नाही, सगळ्या बरोबरीत. पुढं पुढं तर वर्ग संपतानाच सगळे हात वर करून "सुटली!" ओरडायला लागले. मुख्याध्यापिका बाई फिरून सगळ्यांचे हात सरळ करायच्या, कोपरात वाकवलेले त्यांना चालायचे नाहीत. मी मात्र कधी पंच झाले नाही. तो मान वहिनींचा, त्यांच्या मागे साहेबांच्या मुलीचा. मी नावाचीच वस्ताद. वहिनी बाहेर बाकावर झोपायच्या, आता तर घोरायच्यासुद्धा.

मैदान पुरं झालं तेव्हा आम्ही सगळ्यांच्या घरच्यांना एका रविवारी बघायला बोलावलं. आक्कांनी भजीवाली केली होती, भज्यांचा ढीग तिच्यापेक्षा मोठा. मुख्याध्यापिका बाईंनी एका उंचीच्या पोरांची रांग केली होती आणि एक पोरगा रांगेबाहेर उभा केला होता. तो उशिरा आला होता, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. साहेबांनी फक्त एक खुर्ची केली. आमचे बसके बैल कडेला गाड्यांपाशी छान शोभले, लांबून जत्रेला आलेले बैल बसणारच. मधे तांबडा, लिंबाकापराच्या वासाचा हौदा. तो रिकामा होता. मी दोन पैलवान करून त्यात उभे करायचे, आणि दर वेळी पैलवान ते उचलून काठावर ठेवायचे. त्या रविवारीही कुणीतरी विचारलंच, "अहो, पण कुस्ती खेळणारे कुठायत?"

"येतील की," पैलवान म्हणाले. "माती मुरू द्या. घाई न्हाई."

त्या थंडीत त्यांचे पाय गेले. आधी एक गुरुवार चुकला, मग बरेच. मी डब्यात हौद्यातली माती भरून त्यांच्या गावी गेले. पैलवान सोप्यात खाटेवर होते, स्वच्छ धुतलेल्या कपड्यांत, वहिनी उशाशी. मला त्यांनी ओळखलं नाही. वस्ताद म्हणूनही नाही, आणि ते मला लागलं, खोटं कशाला सांगू. मी थोडी माती त्यांच्या तळहातावर ठेवली. बोटं मिटली. वहिनी वाकून त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "आवं, म्या माळवदावरनं बगत हुते बरं का तुमाला."

पैलवानांनी त्यांच्याकडे बघितलं. "व्हय?" म्हणाले. तोंडभर हसले.

उन्हाळा संपता संपता पैलवान गेले. घरी, भर दुपारी, वहिनी जवळ असताना. मी जाऊन भेटून आले. वर्गात त्यांची खुर्ची तिथंच होती, हलवायचं कुणाच्या मनात आलं नाही. साहेबांना काही सांगितलं नव्हतं, सांगून उपयोगही नव्हता. ते दर गुरुवारी हौद्यातली माती मुठीत घ्यायचे आणि इकडेतिकडे बघत राहायचे.

मग एका गुरुवारी मी कडी लावायला गेले, तर बाहेर बाकावर वहिनी बसलेल्या. मांडीवर तीच पिशवी.

"वहिनी? तुम्ही?"

"गुरुवार हाय न्हवं?" त्या म्हणाल्या.

मी बरं म्हटलं आणि कडी लावली. थोड्या वेळानं खिडकीतून बघितलं तर वहिनी टक्क जाग्या होत्या. पुन्हा बघितलं, तरी तशाच. मी दार उघडून बाहेर गेले.

"झोप यीना, बाई," त्या म्हणाल्या. "आत कोन न्हाई न्हवं." मग माझ्याकडे न बघता सांगितलं, "जाताना माजा हात धरलेला त्यांनी. लय घट. काय म्हनलं की सोडत्याल ते मला ठावं हुतं. म्या म्हनलेच न्हाई."

मी त्यांचा हात धरून त्यांना आत आणलं आणि पैलवानांच्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. कुणी काही विचारलं नाही, आमच्याकडे तसा नियमच आहे. आक्कांनी आपल्या पुढ्यातली माती थोडी त्यांच्याकडे सरकवली.

साहेब मूठ भरून बसले होते. त्यांनी शेजारी बघितलं. खुर्चीत माणूस होतं. त्यांचा चेहरा उजळला. हात पुढे करून ते अदबीनं म्हणाले, "घ्या ना."

वहिनींनी माती घेतली. बराच वेळ तळहातावरच्या त्या मातीकडे बघत राहिल्या, नाकाशी नेऊन वास घेतला. साहेबांची मुलगी उठू लागली, मी तिला खुणेनं थांबवलं. मग वहिनींनी त्यातली अर्धी मूठ साहेबांच्या हातात परत दिली.

साहेबांना पुढं काय करायचं ते आठवेना. वहिनी हलल्या नाहीत. दोघंही माती धरून एकमेकांसमोर बसून राहिले. हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते.

मी पुढे झाले. एक मनगट साहेबांचं धरलं, दुसरं वहिनींचं, आणि दोन्ही हात वर केले. आवाज मोठा काढायचा होता, पण जेमतेम निघाला.

"सुटली, वहिनी," मी म्हटलं. "बरोबरीत सुटली."

साहेबांनी जरा वेळानं हात खाली घेतला. वहिनींचा हात मी तसाच धरून ठेवला, कारण त्यांनी माझी बोटं घट्ट धरली होती. मग हळूहळू त्यांनी ती सोडली.